औषध घेतलं का?

ये वं बाई, जवळ सरक. तिकडं उंबऱ्यावर काहून बसतेस परक्यासारखी? आणि तो हात पदराखालून बाहेर काढ आधी. तू कोण, कुठली, मला ठाऊक नाही. पण तुझ्या हातापायाला मुंग्या येऊन राह्यल्या, तळपाय जळून राह्यले आणि तू घरी कोणाला सांगत नाहीस म्हणून कोणी हे लिहिणं तुझ्यापुढं सरकवलं असेल, तर तू माझीच झालीस. मग हक्कानं रागावणार मी. "थकवा असंन", "हात दबला असंन", "कापूस निघू दे, मग दाखवू" हे सगळं मी स्वतः बोलून बसलेली बाई आहे. माझ्यापुढं नको बोलूस.

मी शाळेत गेलेली नाही. विहारात पावसाळाभर वाचन चालायचं, तिथं शेजारणीच्या पुस्तकात डोकावून, अक्षरावर बोट ठेवून ठेवून वाचायला शिकले, मग लिहायलाही. त्यामुळं रोगाची पुस्तकातली माहिती माझ्याकडं मिळायची नाही, ती डॉक्टरला विचार. माझे हातपाय कसे गेले, आणि ते परत येतात की नाही या धाकात आमचं घर कसं राह्यलं, तेवढं सांगते.

चप्पल आणि कापूस

आमचं गाव मारेगावच्या आत. घरी मी, सुनीलचे बाबा, मुलगा सुनील आणि सून मंगला. शेत थोडं, त्यात पऱ्हाटी. म्हणजे कापूसच, पण आमच्याकडं झाडाला पऱ्हाटी म्हणतात.

हातपाय जायच्या आधी मला गळ्याचा त्रास होता. गळ्याला गाठ आली, छाती धडधडायची, बसल्या जागी घाम, अंगातलं मांस उतरून गेलं. वणीच्या डॉक्टरनं गोळ्या दिल्या. त्या गोळ्यांनी धडधड थांबली, मी पुन्हा माणसात आले. म्हणून ती गोळी मी कधी चुकवली नाही. पाव्हण्यांच्या गावी गेले तरी बटव्यात सुपारीसोबत गोळी. दोनेक हंगाम असेच गेले.

मग पाय सुरू झाला. आधी मुंग्या, मग आग. जसं कोणी तळपायाला मिरची चोळून राह्यलं. नडगीवर जांभळे ठिपके उठले, जांभळं चुरगळल्यासारखे. मी लुगडं खाली ओढून घेतलं, दुसरं काय.

एकदा वावरातून घरी येत होते. मागून मंगला हाका मारत आली, हातात माझी एक चप्पल.

"आई, हे कोनाची हाये?"

"माहीच दिसते वं."

"मंग तुमच्या पायात काय हाये?"

पाह्यलं तर एका पायात चप्पल, एक पाय अनवाणी, आणि मला पत्ताच नाही! दोघी हसलो. मी जास्त हसले, कारण भीती वाटली होती. चप्पल निसटली हे पायाला कळलं नाही. ही काय हसायची गोष्ट होती?

त्यानंतरची गोष्ट वेचणीची. कापसाचं बोंड वाळलं की त्याच्या पाकळ्या सुईसारख्या टोचतात. वेचणाऱ्या बाईची बोटं सवयीनं त्या चुकवतात. कंबरेला ओटी बांधून आम्ही दोघी वेचत होतो. मंगला एकदम थांबली.

"आई, तुमच्या ओटीतला कापूस लाल काहून?"

मी खाली पाह्यलं. पांढऱ्या कापसावर रक्ताचे थेंब. डाव्या हाताच्या बोटांना टोचून टोचून जागोजाग रक्त, आणि मला एकही टोच लागलेली नव्हती. दुसरी बाई असती तर ओरडली असती. तो लाल झालेला कापूस मी बाजूला फेकला आणि म्हटलं, "घरी सांगू नको." मंगलानं ऐकलं नाही, तेवढं तिचं भलं होवो.

तो शब्द

आता एक शब्द समजून घे, नाहीतर पुढचं काही कळायचं नाही.

आमच्याकडं 'औषध' म्हणजे फवारणीचं. पऱ्हाटीवर मारतात ते. माणसानं खायची ती गोळी, टोचायची ती सुई, प्यायची ती बाटली, वैद्याची ती पुडी. 'औषध' नाही. आणि ती वर्षं कशी होती? कापसाला भाव नाही, बोंडाला अळी, आणि दर थोड्या दिवसांनी पंचक्रोशीतून बातमी, "अमक्यानं औषध घेतलं." एवढंच वाक्य. पुढं काही सांगावं लागायचं नाही. ऐकणाऱ्याच्या हातातला घास ताटात परत जायचा. लेकरंसुद्धा हा शब्द दबक्या आवाजात बोलायची. बायका वावरात म्हणायच्या, "औषध आणाले गेले हायेत," तरी कामाचे हात थांबायचे आणि मग कोणी घाईनं जोडायचं, "फवाऱ्यासाठी, फवाऱ्यासाठी."

अशा दिवसांत मी अंगणात पडले. पाय उचललाच नाही, बोटं जमिनीला घासली आणि तोंडघशी गेले. उठायला गेले तर डावा हात मनगटापासून खाली लोंबला. सुनीलनं गाडी करून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. तिथं जो डॉक्टर होता त्यानं माझ्याकडं पाह्यलं, गावाचं नाव ऐकलं, आणि सुनीलला बाजूला घेऊन हळूच विचारलं, "औषध घेतलं का यांनी?"

सुनील असा भडकला! "कोणी नाही घेतलं औषध! आमच्या घरी तसलं काही नाही, साहेब. माही माय आहे ते."

डॉक्टरचंही काय चुकलं? त्याच्याकडं रोज तेच येत होते. पण तेवढ्यानं बाहेर पोलीस शिपाई येऊन उभा राह्यला, आणि आम्ही यवतमाळच्या रस्त्याला लागलो तोवर गावात पोचलं होतं की सुनीलच्या मायनं औषध घेतलं. माझी जाऊ तर म्हणे रडत रडत घरी आली आणि मी जिवंत आहे ऐकून थोडी नाराजच झाली, एवढं रडणं वाया गेलं म्हणून. हे मी नंतर तिला तोंडावर म्हटलं. ती मला मारायला धावली.

मोठ्या दवाखान्यात

यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात एक डॉक्टर मॅडम होत्या. तरुण, बारीक, पुण्याकडच्या. बोलणं गोड पण पुस्तकातलं. पहिल्याच दिवशी उभ्या उभ्या विचारलं, "आजी, सध्या कोणतं औषध घेता?"

झालं. पुन्हा तेच! मी तोंड फिरवलं. सुनील तालुक्यापासून तापलेलाच होता. म्हणाला, "काहीच नाही, मॅडम. औषधाचं नावही नका काढू. घरी ठेवतच नाही आम्ही."

"आधी कधी घेतलं होतं?"

"आमच्या खानदानात कोणी घेतलं नाही!"

मॅडमनं नवलानं पाह्यलं. त्यांना वाटलं असेल, काय काटक खानदान आहे! त्यांनी काहीतरी लिहून घेतलं आणि पुढच्या खाटेकडं वळल्या. त्या त्यांच्या भाषेत खरं बोलल्या, आम्ही आमच्या भाषेत खरं बोललो. खोटं कोणीच बोललं नाही बघ.

दवाखान्याचा दिवस मोठा असतो बाई. उजाडलं की झाडूवाली, मग रक्त काढणारा, मग सिस्टर, मग डॉक्टरांचा घोळका. मॅडम बोटाला सुई लावून विचारायच्या, "टोचतंय?" मी डोळे मिटून अंदाजानं "हो" म्हणायचे, परीक्षेत पास व्हायला. त्या म्हणायच्या, "आजी, मी अजून टोचलंच नाही." एकदा विजेच्या यंत्राला हात जोडून झटके दिले. झटका बसला की माझा जीव खूष, म्हणजे अजून तिथं काही आहे. काही जागी मशीन कुरकुरायचं आणि मला काही लागायचं नाही. मग मी मशीन चालवणाऱ्या पोराच्या तोंडाकडं पाहायचे. मशीनपेक्षा त्याचं तोंड लवकर सांगायचं.

शेजारच्या खाटेवर वणीची शकीलाबी होती. तिच्या मुलाचं ट्रक दुरुस्तीचं दुकान. साखरेनं पायाला जखम झालेली. ती आमच्या मराठीत तिची हिंदी कालवून बोलायची. माझी चप्पल पुन्हा एकदा संडासाच्या वाटेत राह्यली तेव्हा म्हणाली, "कमलबाई, तुमची चप्पल तुमच्याहून हुशार है. वो बोलती, मैं नहीं आती इस दवाखाने में." मी हसले की ती खूष. मी गप्प झाले की म्हणायची, "रोने का है तो जोर से रो ना. चुपचाप रोती, मेरेकू नींद नहीं आती."

रडण्यासारखंच होतं. बरं व्हायला आले होते आणि डोळ्यांदेखत कमी होत चालले होते. आले तेव्हा एक पाय आणि डावा हातच गेला होता. मग उजव्या हाताची बोटं वळेनात. मग दुसरा पाय जळू लागला. ब्लाउजचं बटण लावता येईना. नाक खाजवता येईना, त्याची तर फार लाज वाटायची. मंगलाला म्हणायचे, "नाक खाजव वं," आणि ती चेष्टा करायची, "डावं का उजवं?" ती घास भरवायची, तोंड धुवायची, वेणी घालायची. आणि रोज चहासोबत बटव्यातली गळ्याची गोळी काढून माझ्या जिभेवर ठेवायची. माझ्या बोटांना गोळी धरता येत नव्हती ना. एक दिवस चुकवली नाही पोरीनं. सुनील वणीहून पुन्हा आणून ठेवायचा. संपली तर आईची धडधड सुरू होईल, ही एक धास्ती आणखी.

डॉक्टर लोक आपसात बोलायचे, त्यात 'कीटकनाशक' शब्द मी ऐकला. फवाऱ्याच्या विषानंही नसा जातात म्हणे, तेच असेल असं एकाला वाटायचं. मॅडमना पटत नव्हतं. नडगीवरच्या ठिपक्यांकडं त्या पुन्हा पुन्हा पाहायच्या. लघवीची बाटली उजेडाला धरायच्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली की मी मंगलाला विचारायचे, "आता काय निघालं वं?"

संत्र्याची फोड

एका दुपारी मंगला पाणी भरायला खाली गेली होती. सुनीलचे बाबा संत्रं सोलत बसले होते. हा माणूस जन्मात माझ्यासाठी काही सोलत बसला नव्हता. फोडीचे धागे काढून, बी काढून माझ्या तोंडात घालत होते. मला तेव्हाच संशय यायला पाहिजे होता.

इकडंतिकडं पाहून अगदी हळू म्हणाले, "अवं, एक इचारू? खरं सांगजो. मी कोनाले सांगनार नाही."

"काय?"

"घेतलं होतं का तू? थोडंसंही?"

बाहेरच्यांनी विचारलं ते सोसलं. पण यांनी?

"काहून घेईन मी?"

"माह्यावर रागावली असशीन कधी. मी बोलतो काही. मले ध्यानात राहत नाही, तुले राहते."

हातातली फोड तशीच धरून ते खाली पाहत राह्यले. मला राग आला होता, तो कुठं गेला कळलं नाही. म्हटलं, "तुमच्यावर रागावून औषध घ्याचं असतं तं लग्नाच्या सालीच घेतलं असतं. इतकी वर्सं काहून थांबली असती?"

पलीकडून शकीलाबी खुदकन हसली. ती झोपलेली नव्हतीच. हे हसले, मग रुमाल तोंडाला लावून रडले. मग सांगितलं की मला दवाखान्यात आणल्या दिवशी त्यांनी गोठ्यातल्या फवारणीच्या सगळ्या बाटल्या उचलून चुलतभावाकडं नेऊन ठेवल्या होत्या. पिकावर अळी फिरून राह्यली तरी परत आणल्या नाहीत. सुनील आणि मंगला माझ्यावर नजर ठेवून होते, मी एकटी कुठं जाऊ नये म्हणून. मी म्हणत होते, काय सेवा करते ही सून, क्षणभर दूर होत नाही! ती तर पहाऱ्यावर होती.

ते ऐकून फार एकटं वाटलं बाई. हात गेले, पाय गेले, आणि घरच्या माणसांचा भरवसाही गेला. त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं की हे हात आता यायचे नाहीत.

कोणती गोळी?

मग ठरलं की पायातल्या नसेचा बारीक तुकडा काढून तपासायचा. सकाळी सिस्टर सांगून गेली, मॅडम येईपर्यंत काही खाऊ-पिऊ नका. मंगला चहाचा कप लपवून बसलेली. मॅडम आल्या. मी जरा चाचरतच विचारलं, "मॅडम, चहा नाही तं नाही. पन गोळी तं खाऊ द्यान?"

"गोळ्या सिस्टर देतील नंतर."

"त्याईची नाही. माही."

"तुमची? कोणती गोळी?"

"गळ्याची. रोजची. मंगला, दाखव."

मंगलानं बटवा उघडून पाकीट दिलं. मॅडमनं ते वाचलं. उलटवून पुन्हा वाचलं. मग माझ्या खाटेवर बसल्या. डॉक्टर खाटेवर बसला की समजावं, काहीतरी मोठं आहे.

"ही गोळी कधीपासून घेता?"

"झाले दोनेक हंगाम."

"इथं आल्यावरही?"

"मंग! एक दिवस चुकवली नाही," मंगला अभिमानानं म्हणाली. त्या आवाजाची मला अजून कणव येते.

"आजी," मॅडमचा आवाज चढला, "मी तुम्हाला पहिल्या दिवशी विचारलं होतं ना, कोणतं औषध घेता म्हणून? तुम्ही सगळे नाही म्हणालात!"

"थे औषध म्हनता व्हय!" मी म्हटलं. "मॅडम, औषध पऱ्हाटीवर मारतेत. हे तं गोळी आहे."

मॅडमनं माझ्याकडं पाह्यलं, मागं उभ्या सुनीलकडं पाह्यलं. हळूहळू त्यांच्या तोंडावर उमटलं की त्या पहिल्या दिवशी आम्हाला काय विचारून बसल्या होत्या. त्यांनी कपाळावर हात मारून घेतला. "म्हणजे मी त्या दिवशी तुम्हाला... अरे देवा. आजी, मला माफ करा."

मग तिथंच उभं राहून सगळ्या बायकांना मोठ्यानं विचारलं, "गोळी, सुई, काढा, पुडी, चाटण, भस्म, घरून आणलेलं काय काय खाता? सगळं बाहेर काढा." बाई, काय सांगू! एकीच्या उशीतून पुडी, एकीच्या डब्यातून काढा. शकीलाबीनं गादीखालून हकीमाची बाटली काढली आणि म्हणाली, "मैं समझी, मैडम खेत का पूछती. हमारा तो खेत ही नहीं!" भीतीच्या दिवसांतही सारा वार्ड हसला. मॅडमही हसल्या, पण त्यांच्या हातातलं माझं पाकीट त्यांनी परत दिलं नाही.

मंगला

नसेचा तुकडा तपासला, रक्त बाहेरगावी पाठवलं, आणि मग मॅडमनं आम्हाला समजेल असं सांगितलं. नसांना रक्त पोचवणाऱ्या बारीक वाहिन्या असतात, त्या सुजल्या. रक्त पोचेना, नसा उपाशी राह्यल्या, म्हणून हातपाय पडले. गळ्याची गोळी चांगलीच आहे, तिनं माझा जीव वाचवला होता, पण फार थोड्या माणसांच्या अंगात ती अशी उलटते. त्या थोड्यांत मी. "ती गोळी आजपासून बंद. सूज उतरवायचं औषध..." म्हणून त्या थांबल्या, आणि म्हणाल्या, "गोळ्या आणि सलाईन सुरू करू."

"हात येतीन का परत?" सुनीलनं विचारलं.

"येतील असं वाटतं. किती येतील ते आत्ता सांगता येणार नाही. नस हळू वाढते."

मंगला उठून व्हरांड्यात गेली. शकीलाबीनं मला खूण केली. मी चालू शकत नव्हते, म्हणून हाक मारली. ती आली ती डोळे सुजवून.

"आई, मीच घालत होती तोंडात. रोज. माह्या हातानं."

मी तिला जवळ बोलावलं. डोक्यावर हात ठेवायचा होता, पण हात उचलेना. तेव्हा तिनंच माझा लोंबता हात उचलून आपल्या डोक्यावर ठेवला. म्हटलं, "पोरी, वैर करनारी सून एखाद दिवस तरी इसरली असती. तू इसरली नाही. माहं नशीब की मले चांगली सून भेटली अन् थेच आडवं आलं." ती रडता रडता हसली. घरात नंतर तिला कोणी एक शब्द बोललं नाही. जावेनं बोलायचा प्रयत्न केला होता, सुनीलच्या बाबांनी तिला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं.

वाट पाहणं

गोळी बंद झाली म्हणजे हात आले, असं नसतं हो. मला वाटलं होतं, उद्या सकाळी बोट हलेल. नाही हललं. परवाही नाही. सुजेच्या गोळ्यांनी तोंड गोल झालं, भूक अशी की ताट पुसून खाल्लं तरी कमी. गावची माणसं भेटायला यायची आणि म्हणायची, "तब्येत सुधारली बरं का!" मी हो म्हणायचे. रोज सकाळी लुगडं वर करून नडगीवर नवा ठिपका आहे का पाहायचे. जुन्याच ठिपक्याला नवा समजून मंगलाला हाका मारायचे. गळ्यासाठी मॅडमनं दुसरा उपाय केला, तोही मी भीतभीतच करून घेतला. ज्या गोळीवर जीव टाकला तिनं असं केलं, मग नवी कोणती गोळी निवांत गिळणार? प्रत्येक वेळी विचारायचे, "हे काय करंन?" मॅडम न कंटाळता सांगायच्या.

घरी आले तरी तेच. पाय घासू नये म्हणून पट्टा दिला होता, तो सुनीलचे बाबा बांधायचे. वेणीही घालायला लागले, मंगला वावरात असायची म्हणून. काय वेणी! एका कानाकडून निघायची, दुसऱ्याकडं जायची. मी म्हणायचे, "बैलाची वेसन बरी वळता तुम्ही." ते म्हणायचे, "बैल हालत नाही इतका." बोटांचा व्यायाम सांगितला होता. ओली कणीक चिमटायची, सुपातले ज्वारीचे दाणे एकेक उचलायचे. दाणा उचलायचा आणि गळायचा. कितीदा ते सूप लाथाडलं असतं, पण पायही उचलत नव्हता.

आणि मग एका सकाळी मंगलानं चहाचा पितळी गिलास माझ्या उजव्या हातात नीट बसवून दिला. मी धरला आणि बोटाला चटका बसला. गिलास खाली, चहा अंगावर. "आई, भाजलं का?" म्हणून ती धावली. मी म्हटलं, "भाजलं वं! भाजलं!" आणि अशी हसायला लागले की शेजारीण डोकावली, म्हातारीला वेड लागलं म्हणून. बोटावर फोड आला. तो फोड मी येईल त्याला दाखवला. इतक्या कौतुकानं नातवंडाचं पहिलं पाऊलही कोणी दाखवत नसेल.

तुझ्यासाठी

उजवा हात बराच आला. हे मी त्याच हातानं लिहिते, पेनाला चिंधी गुंडाळून, थांबून थांबून. डाव्या हाताची दोन बोटं अजून झोपली आहेत. पायाला पट्टा कधी लागतो, कधी नाही. मॅडम म्हणाल्या, आता जेवढं यायचं तेवढं आलं असावं. भीती गेली नाही. थंडीत बोट बधिरलं तरी उठून बसते. तुला खोटं काहून सांगू?

हे वाचून घाबरून तू चालू असलेली गोळी मनानं फेकून देऊ नकोस, हात जोडते. ती गोळी कोणाला जगवतेही. फक्त डॉक्टरपुढं सगळं मांड. त्याला तुझी बोली कळली नसेल तर पुन्हा सांग, त्याची तुला कळली नसेल तर पुन्हा विचार. लाज वाटली तरी विचार. आणि घरच्यांना हात दाखव. तू सांगत नाहीस तेव्हा ते गप्प बसून काय काय समजत असतात, ते मी पाह्यलं आहे.

आणि एकदा माझ्याकडं येजो. मारेगावहून गाडी मिळते, फाट्यावर उतरून कोणालाही विचार, पट्टेवाली आजी कुठं राहते. मला आता लांबचा प्रवास होत नाही, नाहीतर मीच आले असते तुझ्या दारी भांडायला. भाकर थापते मी, थोडी वाकडी होते, तेवढी खाऊन घे. पण आल्या आल्या आधी तुझा हात माझ्या उजव्या हातात दे. थंड आहे का गरम, हे मला सध्या कळतं. कळून राह्यलं तोवर ये, बाई. लवकर येजो.